बायपास बंद

३ नोव्हेंबर
नोकरी लागली! कॉलेज सोडल्यापासून आईच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदा हसू. घरून, कॅम्प चारहून, बदलापूरला यायला दोन शेअर रिक्षा, पण सांडपाण्याचा प्लांट मस्त आहे. कण्हेरी लावल्यात, मागे उल्हास नदी. गटाराचं पाणी मोठ्या टाकीत येतं, खालून हवा सोडतात, उकळल्यासारखं फसफसतं. साफ झालं की नदीत. नदीच्या खालच्या अंगाला माझ्या प्रगतीचं गाव, विहीर अगदी काठावर. म्हणजे तिचं पाणी मीच राखणार. तिला सांगितलं तर म्हणाली, आधी स्वतःचं डोकं राख. तिच्यावरून वर्गात एकाचं नाक फोडलं, तेव्हापासून हेच.

माझ्यासोबतच्या बाळाजीकाकांनी बजावलं, टाकीवरच्या पुलावर शायनिंग नको. फसफसतं पाणी माणसाला धरत नाही, पट्टीचा पोहणाराही दगडासारखा जातो. पावसाळ्यात धाकलू असाच गेला. तू त्याच्याच जागेवर, म्हणाले.

९ नोव्हेंबर
दर दोन तासांनी मीटर बघा, रजिस्टर भरा. अंग आंबून गेलं. काका हसले. येड्या, आठवड्याचं एकदम भरून टाक, सगळे तेच करतात. एकटा धाकलू खरं लिहायचा, म्हणून कुणाला नको असायचा.
शनिवारपर्यंत भरून मोकळा झालो. रोज 'बायपास बंद'. बायपास म्हणजे घाण तशीच नदीत सोडायचं गेट.

११ नोव्हेंबर
पंप बंद पडला, टाकीत पाणी चढायला लागलं. साडेचारला प्रगती स्टेशनवर येणार होती. बायपास उघडला नि सटकलो. तिला बघायला पाहुणे येणारेत म्हणे. डोकं फिरलं, वाट्टेल ते बोललो. तसाच घरी आलो.

१२ नोव्हेंबर
गेट उघडंच. काका म्हणाले, पंप दुरुस्त होईपर्यंत राहू दे, नदीला कुठे तोंड आहे?
पण रजिस्टरात माझं 'बंद' खोडलंय. वर लिहिलंय, 'उघडा. काल चारपासून.' शाई ओली. बोटाला गटाराचा वास. सगळ्यांवर ओरडलो. काका म्हणाले, आम्हाला काय दुसरं काम नाही?

१३ नोव्हेंबर
परत 'उघडा'. जुनी पानं काढली. धाकलूचं अक्षर. तेच.

१४ नोव्हेंबर
प्रगतीच्या बहिणीचा फोन. अर्ध्या गावाला उलट्या-जुलाब. प्रगती सलाईनवर, डोळे उघडत नाही.
रजिस्टरात: 'विहिरीत पोचलं.'
पंप दुरुस्त झालाय. गेटचं चाक पुलाच्या पलीकडे. अर्ध्यावरून फिरलो. पुलावर ओली पावलं— अनवाणी. टाकीतून वर आलेली. परत गेलेली नाहीत.

१५ नोव्हेंबर, दुपार
काका सुट्टीवर. दुसरं कुणी येईना.
आज खरं लिहिलं. 'बायपास उघडा. मी उघडला. अकरा तारखेला.' खाली माझी सही.
जातो.

पुलापलीकडे. चाक अडकलेलं, हलत नव्हतं. मग हललं. माझ्या हातांशेजारी अजून दोन— बघितलं नाही. फिरवत राहिलो.
बंद झालं. प्रगती, खरंच बंद झालं गं.
चाक फिरवून दमलो. पुलाच्या मध्यावर बसून लिहितोय. मागे कठड्याला टेकलोय. गार आहे. ओला.
काका म्हणाले होते, धाकलू गेला तेव्हापासून इथला कठडा तुटलेलाच. मग मागे हे—