साखळीच्या रिळाखालची चुंबळ

बुधवार, संध्याकाळ

साखळी गुंडाळायला मी बनवलेली तारेची चार रिळं आज साखळीसकट एकावर एक उभी राहिली. बायकोनेच आपल्या हार्डवेअरच्या दुकानातून फोन करून सांगितलं. साखळीची पोती उचलून तिची पाठ गेली होती. दुकानच सोडते म्हणाली होती.

माझी आधीची रिळं रचली की घसरायची. मग सासूबाईंच्या डोक्यावरची, पाण्याच्या गुंडाखालची चुंबळ आठवली. तसंच तारेचं कडं प्रत्येक रिळाखाली जोडलं, खालच्याच्या तोंडात बसणारं. इतकं साधं! आधी का सुचलं नाही?

"पेपरात नोकरीले होते तवा बातम्या तं वेळेवर देत होते जी, हे रीळ काहून लांबवलं?" फोनवर बायको हसली. किती दिवसांनी!

ती चुंबळ वळणारे हात आता नाहीत. आभार त्यांचेच.

उद्या नाकाडोंगरीच्या बाजारात रिळं बायको स्वतः नेणार, एकेक उचलून.