जागमाईच्या डोंगरावर दोन हाका

खामगाव,
शुक्रवार, ता. ८ एप्रिल १९३८

श्रीमती गोजरबाई यांस,
सरस्वतीबाई देशमुख यांचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. तिकडे वरवट बकालला तुमच्या भाच्याकडे सर्व ठीक असेल असं धरून चालते.

रविवार, ता. ३ एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, जागमाईच्या डोंगराच्या माथ्याखाली जो उभा काळा फत्तर आहे त्याच्या मध्यावरून, मी तुम्हाला दोन वेळा नाव घेऊन हाक मारली. तुम्ही ओ दिली नाही. घड्याळ माझ्या पदराला टाचलेलं होतं, तेव्हा वेळेबद्दल वाद नको. ऐकू आलं नाही, असंही सांगू नका. मागच्या बाकावर पेंगणाऱ्या पोरीला फळ्यापाशी उभं राहून जागी करण्यात माझी सारी नोकरी सरली. माझी हाक त्या फत्तराच्या माथ्यापर्यंत पोचली नसेल, हे मी मानणार नाही.

हे 'तुम्ही' मुद्दाम लिहिलं आहे. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला सांगत, ज्याच्यावर रागवायचं त्याच्याशी आधी अदबीनं बोलावं, म्हणजे राग वाया जात नाही.

आता सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे पुढे कोणी फिरवाफिरव करणार नाही. भादव्यात मला विषमज्वर झाला. मी शुद्धीवर नसताना, माझ्याच घरात राहून माझी चूल सांभाळणाऱ्या तुम्ही जागमाईला नवस बोललात, की बाई उठल्या तर त्यांच्याच हातून माथ्यावर नारळ फोडवीन. माझ्या जिवाचा व्यवहार तुम्ही मला न विचारता केलात. मी बरी झाले ती डॉक्टरच्या औषधानं, असं मी तेव्हाही म्हटलं होतं. त्यावर तुम्ही नुसत्या होळीपर्यंत मुक्यानं भाकरी थापत राहिलात. त्या भाकरी गिळेनात म्हणून मी यायला कबूल झाले, देवीसाठी नव्हे.

तुमचा भाचा तुळशीराम आम्हाला दमणीतून पहाटे डोंगराखाली घेऊन गेला. नाल्याच्या रेतीत त्यानं बैल सोडले आणि एक उपदेश केला. वर जाऊन हाक मारा, पण कोणी हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ देऊ नका. डोंगर माणसाच्या आवाजाची दोनदा नक्कल करतो. तिसरी हाक आली तरच ती माणसाची. मी त्याला प्रतिध्वनी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हाव बाई, पण मंग तो तिसऱ्या खेपेले काऊन येत नाही?" अशा माणसापुढे शास्त्र काय सांगायचं? तुम्ही मात्र मान डोलावत होतात. मी ते पाहिलं होतं.

चढाबद्दल माझी तक्रार नाही. सागाची सगळी पानं खाली आलेली, पायाखाली पापडासारखी मोडत होती. मोहाची फुलं पडून आंबूस वास सुटला होता आणि तुम्ही अस्वलाच्या भीतीनं मुद्दाम मोठ्यानं बोलत होतात, तेही माझ्याच दुखण्याबद्दल. सालईची पांढरी झाडं संपली आणि तो फत्तर समोर आला. तुम्ही अनवाणी. नवसाला जोडा चालत नाही म्हणे. नारळ पदराच्या ओट्यात बांधून, काष्टा खोचून, तुम्ही घोरपडीसारख्या वर गेलात. जाताना म्हणालात, "बाई, खाली पाहू नका. माह्या टाचा पाहा."

मी तुमच्या टाचा पाहत होते. मग त्या माथ्याच्या कडेआड गेल्या.

मी दोन हाका मारल्या. पुढे मी माझी खाली आले आणि घरी परतले. तुम्ही ओ का दिली नाहीत, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा. लिहिता येत नाही ही सबब चालणार नाही. चुलीपुढे पाटी घेऊन तुम्हाला मी शिकवलं आहे.

स. देशमुख
निवृत्त मुख्याध्यापिका


खामगाव,
सोमवार, ता. १८ एप्रिल १९३८

गोजरबाईस,
नमस्कार. आठ दिवस सरले, वर दोन झाले. तुझा खुलासा आला नाही. आली ती मनकर्णाबाई, तुझी भाचेसून, शनिवारी बाजारच्या गाडीतून. खुलासा नव्हे, ती तुझी पेटी न्यायला आली होती.

मी तिला चहा दिला. माझ्या हातचा चहा कसा होतो ते तुला ठाऊक आहे. तिनं तो बिचारीनं संपवला आणि मग बशी उपडी घालून, माझ्याकडे न पाहता, सगळं सांगितलं. तू दिवस कलेपर्यंत माथ्यावर देवीपुढे बसून होतीस. दोन हाका तुला चांगल्या ऐकू आल्या होत्या. "आत्याबाई तिसऱ्या हाकीची वाट पाहून राह्यल्या होत्या," ती म्हणाली. "ते आली नाही. मंग खाली उतरल्या, तं नाल्यात गाडी नाही. तुमी तं आमच्या घरच्यायले सांगतलं होतं का आत्याबाई मांगून बायांसंग येते म्हून. पाय पोळले त्याहिचे. सकायी मोळीवाल्याच्या गाडीत आल्या."

तुळशीरामला मी तसं सांगितलं होतं, हे खरं आहे.

पहिल्या पत्रात हे लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी लिहिलं नाही. वरून उतरलेला भाविक बायांचा एक मेळा नाल्यापाशी शिदोऱ्या सोडून बसला होता. दुसरा एक मेळा वर चालला आहे असं त्या म्हणाल्या. त्यावरून मी तुळशीरामला म्हटलं, तुझी आत्या त्या बायांबरोबर येणार आहे, गाडी जुंप. त्यानं एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे. मुख्याध्यापिका खोटं बोलेल असं त्याच्या मनात आलं नसावं. वरवटला पोचल्यावर मी उभ्या उभ्या शेगावची मोटार धरली. तू आलीस का ते पाहायलाही थांबले नाही. तुझे पाय पोळले, हे मला तेरा दिवसांनी कळलं.

पण तूही न्यायानं बघ. तिसरी हाक! शाळेत माझा नियम काय होता? हजेरीला नाव दोनदा, मग गैरहजर. पोरी धावत दारात येत, आणि मी लेखणी उचलून पुढच्या नावाकडे गेलेली असे. तू दाराशी उभी राहून माझ्यावर डोळे वटारायचीस, कारण त्या पोरीला घरून तूच आणलेली असायचीस. मुलींना घरोघरी जाऊन हाका मारून शाळेत आणणं हे तुझं काम, आणि तुझी रीत तीन हाकांची. तू म्हणायचीस, पहिल्या हाकेला घरातले ऐकत नाहीत, दुसरीला पोर लपवतात, तिसरी झाली की शेजारी ऐकतात म्हणून लाजेकाजेनं पोर बाहेर येते. तुझ्या तिसऱ्या हाकेवर माझी अर्धी शाळा भरत होती. हे मी निवृत्तीच्या समारंभात बोलायला हवं होतं. मी इमारतीबद्दल बोलले.

तर त्या दिवशी तू वर तुझ्या नियमानं बसलीस आणि मी खाली माझ्या नियमानं तुला गैरहजर मांडलं. दोष कोणाचा ते मी अजून ठरवलेलं नाही.

मनकर्णेनं जाता जाता दुसरी बातमी दिली. तुळशीरामला मेळघाटात लाकूड-डेपोवर काम लागलं आहे. आखाजीचा सण झाला की बिऱ्हाड हलणार. आत्याबाई संगं येतात, पोरं सांभाळतात, असं ठरलंय. तिकडे टपाल जातं का, मी विचारलं. ती म्हणाली, वाघ जाते, टपालाचं माहीत नाही.

पेटी मी दिली नाही. म्हटलं, जिची आहे तिनं येऊन न्यावी. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "बाई, पेटी दाबून ठेवली म्हून माणूस राह्यत नसते." या पोरीला तू लिहायला वाचायला शिकवू नकोस. आहे तेवढीच पुरे झाली.

लवकर लिहावे. तुळस पाणी घालूनही वाळते आहे. तू तिला काय घालतेस ते कळवावे.

सरस्वतीबाई


खामगाव,
सोमवार, ता. २५ एप्रिल १९३८

गोजर,

इकडे ठीक नाही.

पाय मोडला नाही, पण घोटा सुजून भोपळा झाला आहे. उतरताना त्या फत्तरावरून मी शेवटचा भाग घसरत आले होते. मोटारीत बसेपर्यंत कळ दाबली, म्हणून कोणाला दिसलं नाही. तीन आठवडे झाले तरी जमिनीला टेकवत नाही. डॉक्टर हलू देत नाही. नाहीतर हे पत्र लिहिण्याऐवजी मी वरवटला तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते. शेजारच्या रुखमाबाई दोन्ही वेळा ताट पाठवतात. मीठ बेताचं, बोलणं फार.

परवा दूध उतू गेलं. मी खाटेवरून हाक मारली, गोजर, दूध. मारून झाल्यावर आठवलं. घरात डोंगर नसतो, त्यामुळे नक्कलही झाली नाही.

मी तिसरी हाक का मारली नाही ते तुला सांगायचं आहे. हजेरीचा नियम म्हणून मागच्या पत्रात लिहिलं. ते खरं नाही. ते चांगलं दिसतं, एवढंच.

तुझ्या टाचा आड गेल्या आणि मी खाली पाहिलं. तू नको म्हणाली होतीस, म्हणूनच पाहिलं असेन. खाली सागाची नागडी झाडं उभी होती आणि त्यांच्यावर घारी फिरत होत्या. घारींच्या पाठी दिसत होत्या, गोजर. पाखरांना मी जन्मभर पोटाकडून पाहिलेलं. माझे हात दगडाला चिकटले. पुढची खाच डाव्या हाताला होती, डोळ्यांना दिसत होती, पण हात उठेना.  मी पहिली हाक मारली ती तुला खाली बोलवायला नव्हे, तू आहेस का ते पाहायला. ओ आली नाही. दुसरी मारली. समोरच्या कड्यानं ती परत फेकली. माझाच आवाज, माझंच 'गोजर'. तू मात्र गप्प.

मग मला तिसरीची भीती वाटली. दोन हाकांना ओ आली नाही तर माणूस म्हणू शकतो की ऐकू गेलं नसेल, वारा असेल. तिसरीलाही आली नाही, तर काय म्हणायचं? तीन वेळा नाव घेऊनही जिला कोणी ओ देत नाही, अशी बाई त्या दगडावर मला व्हायचं नव्हतं. तापात मी सगळ्यांना ओळखायचं सोडलं होतं आणि तुझं मनगट सोडलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मी तुला कधी कळू दिलं नाही. तुला कळलेलंच असणार, मनगट तुझं होतं.

तिसरी हाक मारण्यापेक्षा मी घसरत खाली आले.

तुळशीरामला खोटं सांगितलं तेही त्यासाठीच. 'मी हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही' हे शब्द मला त्याच्यापुढे उच्चारता येईनात. बाया घेऊन येतात, हे वाक्य सोपं होतं. तेवढ्यासाठी तुला उन्हात, अनवाणी, तापल्या दगडांवर सोडून मी गाडी हाकलली. सिस्टर सांगत, चूक झाली तर उभं राहून कबूल करावी. मला उभं राहता येत नाही. पडल्या पडल्या करते.

मनकर्णा म्हणाली, तू नारळ फोडला नाहीस. ज्याच्या नावाचा त्याच्याच हातचा, म्हणून तसाच खाली आणलास. पोळलेल्या पायांनी, तो ओट्यात बांधून. हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. तू माझ्यावर एवढी चिडली होतीस तर तो दगडावर आपटायचा होता.

मेळघाटात तुळशीरामची पोरं सांभाळायला तू जावंस की नाही, हे तुझं तू ठरव. ती पोरं गोड असतील. मी गोड नाही. माझ्याकडे तुला द्यायला काय आहे ते मी रात्रंदिवस शोधते आहे आणि काही सापडत नाही. एक मोरीजवळची खिडकी, जिच्यात बसून तू शेंगा निवडतेस. भांडायला मी. एवढंच.

डोंगराचा नियम मी मानत नाही. प्रतिध्वनी हा प्रतिध्वनीच. पण तुझा नियम मी मानते, आजपासून, लिहून देते. पहिलं पत्र ही एक हाक धर. रागानं मारली असली तरी हाकच होती. दुसरं पत्र दुसरी धर. त्या दोन्हींना तू ओ दिली नाहीस ते बरोबर केलंस, त्या डोंगराच्याच होत्या.

ही तिसरी आहे, गोजर. शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं मारते आहे.

उत्तर मला लेखी पाहिजे. मनकर्णेच्या तोंडचा निरोप चालणार नाही, ती त्यात पदरचं घालते. शनिवार, ता. ३० एप्रिलच्या दुपारच्या टपालापर्यंत ते माझ्या हातात पडलं पाहिजे, कारण त्यानंतर आखाजी, आणि आखाजीनंतर तुझा पत्ता नाही. तुझं अक्षर वाकडं आहे, ओळी खाली उतरतात, त्याला मी काही म्हणणार नाही. नुसतं 'ओ' एवढंच लिहिलंस तरी पुरे. ते मिळालं की डॉक्टर काही म्हणोत, मी मोटार धरीन. पेटी माझ्या खाटेखाली आहे. तिला कुलूप लावलेलं नाही.

नारळ नासू देऊ नकोस. पाय बरा झाला की मी वर येईन. तू पुढे चाल. मी टाचाच पाहीन.

तुझी
सरस्वती