माळ्यावरचा हंडा आणि उघडं फोल्डर

३ मार्च, सकाळी ६.२०
काल देवळात लक्ष्मी यात्रा कमिटीची मीटिंग. एकोणीस वर्षांनी यात्रा भरणार, २२ एप्रिलपासून. अध्यक्ष जोतिबा मास्तर म्हणाले, औंदा गावची वेबसाइट पायजे, कोण करणार? त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर. हायस्कूलच्या ऑफिसात एकवीस वर्षं कम्प्युटरपुढं बसतोय, ते काय उगंच? समोर थोरला भाऊ रवळूअण्णा बसलेला. तो छताकडं बघत होता. बघू दे.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून ऑनलाइन कोर्स. चहा बंद. आणि ही रोजनिशी, लॅपटॉपवर 'यात्रा' फोल्डरमध्ये. फाइलचं नाव 'अत्यंत खासगी, उघडू नये'. नाव वाचूनच माणूस मागं सरकंल.

४ मार्च, सकाळी ८.१०
पाचला उठलो. म्हणजे जाग आलती. चहा घेतला, कारण चहाशिवाय कोर्सचं इंग्रजी डोक्यात शिरत न्हाय.
सर्व्हर म्हणजे काय ते बारा मिनिटांत कळलं. पंक्तीतला वाढपी. फोनवाल्यानं मागितलं की आणून द्यायचं. काही पदार्थ मागणीप्रमाणं तिथल्या तिथं करावे लागतात. काही तयारच असतात: फोटो, रंग-सजावटीची फाइल, कार्यक्रमपत्रिका. ते जसेच्या तसे उचलून वाढायचे. त्यांना स्टॅटिक फाइल म्हणतात. कोर्सवाल्यानं एवढ्यावर चार तास घातलेत. उरलेले बघायची गरज वाटली न्हाय.

९ मार्च
पहिल्या पानावरचा फोटो ठरला. गेल्या यात्रेतला. आई चुलीपुढं बसलीय, आणि मी आणि अण्णा आमच्या घरचा पितळी हंडा दांडीला अडकवून आणतोय. दोनशे माणसांचा भात शिजायचा त्यात. दोघंबी हसतोय. अण्णाला तेव्हा सगळे दात होते.
हंड्याबद्दल एकदा स्पष्ट लिहून टाकतो, म्हणजे मनाला बरं. वाटणीच्या वेळी हंडा सापडला न्हाय. पंचांसमोर अण्णानं मला विचारलं. मी म्हणालो, मला काय ठाऊक. तवापासून सहा वर्षं अण्णा माझ्याशी बोलत न्हाय, आणि घर तर भिंतीला भिंत लागून. हंडा आमच्या माळ्यावर हाय, जुन्या गादीखाली. ही चोरी नव्हे, हा सांभाळ. अण्णाकडं असता तर त्यानं मोडीत घातला असता.
आमची यशोदा म्हणते, यात्रा आलीय, नेऊन द्या की हो, त्या हंड्याला किती दिवस गादी पांघरणार? तिला तत्त्वाचं कळत न्हाय.

१५ मार्च, दुपारी
साइट तयार! लॅपटॉपवर उघडली. निळ्या रंगात देवीचं नाव, खाली फोटो. यशोदाला बोलावलं. ती म्हणाली, आत्याबाई किती छान दिसत्यात, आणि पदरानं डोळे पुसले. माझ्या कोडिंगचा परिणाम.
गावच्या ग्रुपवर पत्ता टाकला. साडेतीनशे माणसं हाईत ग्रुपवर. अण्णाबी हाय. त्याच्या फोनवर तो फोटो दिसायला पायजे. न्हाय दिसला तरी चालंल, मला काय.

१६ मार्च
कुणालाच उघडत न्हाय. साडेतीनशे फोन एकदम बिघडलेत.
निपाणीच्या गोमटेशला फोन लावला. कॉलेजातला दोस्त, कम्प्युटरचं दुकान हाय. हसून हसून त्याला ठसका लागला. म्हणाला, भावक्या, तू लोकांना 'माझं घर' असा पत्ता दिलास. जो तो आपापल्या घरात जाऊन तुझी साइट शोधालाय. हे मला ठाऊकच होतं, फक्त सांगायचं राहिलतं.
त्यानं आपल्या सर्व्हरवर जागा दिली. माणूस चांगला. पण एक नंबरचा बडबड्या, आणि दुकानातल्या खुर्चीला जन्मात कधी फडकं लावलेलं न्हाय.

२३ मार्च
साइट जगासमोर! अक्षरं दिसतात. रंग गेला, फोटो गेला. फोटोच्या जागी नुसता चौकोन. फोटो तर माझ्या लॅपटॉपमध्ये 'आई' नावाच्या फोल्डरात सुखरूप हाय, आणि घरच्या कॉपीत टकाटक दिसतोय. म्हणजे साइट बरोबर हाय, जग चुकतंय.
रचनाचा मेसेज आला. ही अण्णाची सून, टिळकवाडीत कम्प्युटर शिकवते. म्हणते, आप्पा, तुमी फोटोचा पत्ता तुमच्याच लॅपटॉपचा लिहिलाय, लोकांच्या फोनला तो कसा सापडणार? फोटो सर्व्हरवर चढवा आणि तिथला पत्ता लिहा. उत्तर दिलं न्हाय. अण्णाच्या घरातनं आलेला सल्ला घेण्याइतकी वेळ आलेली न्हाय.

५ एप्रिल
तेरा दिवस लिहिलं न्हाय. कारणं: एसएसएलसीची म्हणजे दहावीची परीक्षा, उन्हाळा, तत्त्व.
मीटिंगमध्ये मास्तरांनी फोटोचं विचारलं. म्हणालो, काम अंतिम टप्प्यात हाय. मग मास्तर पाऊण तास बोलले. ह्या माणसाच्या भाषणात मला हमखास झोप येते. आजबी आली. एवढं मात्र ऐकू आलं की वेबसाइट करणाऱ्याचा उद्घाटनाला शाल-श्रीफळ देऊन सत्कार. लगेच भाषण लिहायला घेतलं. चार पानं झालीत. अण्णा पहिल्या रांगेत असंल. नसला तरी मला फरक पडत न्हाय.

७ एप्रिल, सकाळी ७.००
कोर्सचा दुसरा तास बघितला. घोळ सापडला! सर्व्हर दिसंल ती फाइल वाढत न्हाय. 'पब्लिक' नावाच्या फोल्डरात जेवढं ठेवलंय तेवढंच वाढतो. कोर्सवाला म्हणतो, त्यात मोजक्याच फाइली ठेवा, आणि आत काय काय हाय त्याची यादी लोकांना दाखवू नका. रचनाचाबी तसाच मेसेज. दोघं एकमेकांना सामील दिसतात.
ह्या लोकांनी आमची यात्रा बघितलेली न्हाय. यात्रेत आमच्यात घराचं दार लावत न्हाईत. ओळखीचा असो नसो, उंबऱ्यात आला तो पाव्हणा, आधी पानावर बसवायचं. वाढताना हात आखडला तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाय. आणि यात्रेच्या साइटवर मोजक्या फाइली? अख्खं 'यात्रा' फोल्डर उचलून पब्लिकमध्ये घातलं. यादी चालू केली. वर अशी सोय केली की लॅपटॉपवर मी जे बदलीन ते रोज संध्याकाळी आपोआप साइटवर जाईल. कुणाला काय कमी पडायला नको.
फोटो अजून दिसत न्हाय. पण वाढण्यात कसूर न्हाय.

१० एप्रिल
काय आकडे! परवा साइटवर सात माणसं, काल एकशे दहा, आज दुपारपर्यंत सहाशे. लग्न होऊन गेलेल्या गावच्या लेकी पुण्या-मुंबईतनं बघत असणार. कुठली फाइल कितीदा उघडली ह्याचाबी एक तक्ता असतोय. तपशिलात शिरायला मला सवड न्हाय.
रचनाचे चार मिस्ड कॉल. मेसेज: आप्पा, तातडीनं फोन करा. जळफळाट, दुसरं काय.
रस्त्यानं मान वाढलाय. पिरनवाडीच्या स्टॉपवर दोन अनोळखी बायकांनी मला बघून तोंडाला पदर लावला. आदर. दूधवाला मष्णू म्हणाला, यात्रेच्या आधी माळा साफ करून घ्या आप्पा. आजकाल दूधवालेसुद्धा किती काळजी घेतात.

१२ एप्रिल, सायंकाळी ५.३०
मीटिंग झाली. मास्तर दोनच मिनिटं बोलले. म्हणाले, काही मंडळींना झोप येते. सगळे माझ्याकडं बघून हसले. मीबी हसलो. कुणाला येत असंल बाबा.
अण्णा आज छताकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा.
घरी येऊन चहासुद्धा गोड लागला न्हाय. खरं सांगायचं तर, आणि इथं सांगायला हरकत न्हाय, हंडा मी रागानं लपवला. आई गेल्यावर अण्णानं सगळं आपल्या मनानं ठरवलं, मला एका शब्दानं विचारलं न्हाय. नंतर द्यावासा लई वाटला, पण पंचांसमोर खोटं बोलून बसलो, आता कुठल्या तोंडानं देऊ? अण्णा एकदा नुसतं 'भावक्या' म्हणाला असता तरी त्याच पावली हंडा डोक्यावर घेऊन गेलो असतो. भिंतीपलीकडं त्याचा सकाळचा खोकला ऐकू आला न्हाय तर मला करमत न्हाय. पुरे आता. हे कुणाला दिसायचं न्हाय.

१४ एप्रिल, सकाळी ९.४०
गोमटेशचा फोन. म्हणाला, भावक्या, खुर्ची पुसली रं. मी विचारलं, कसली खुर्ची? म्हणाला, दुकानातली, चांगलं ओलं फडकं मारलंय, ये बसायला. मग विचारतो, कालचं काय आलं न्हाय, लिहिलास न्हाय काय? आमच्या घरात सगळी वाट बघालेत. परवाचं वाचून आमची पोरगी दिव्या रडली बघ.

सकाळी ९.५५
तक्ता उघडला. कार्यक्रमपत्रिका: तीन वेळा. अध्यक्षांचे मनोगत: एकदा. 'अत्यंत खासगी, उघडू नये': चार हजार दोनशे सोळा वेळा.
महिनाभरात माझ्या सर्व्हरनं एकच फाइल बिनचूक वाढली.

सकाळी १०.१५
अंगात कणकण वाटतीय. शाळेत रजा कळवली. रचनाला फोन केला. तिनं पाच मिनिटांत रोजनिशी साइटवरनं खाली उतरवली. रागावली न्हाय पोरगी. एवढंच म्हणाली, आप्पा, मी चार दिवस फोन लावतेय. मी विचारलं, तुझ्या मामंजींनी वाचलं काय? ती म्हणाली, मीच वाचून दाखवलं, चष्मा सापडत नव्हता त्यांना.
यशोदा म्हणते, बरं झालं. तिच्याशी बोलणं बंद केलं, पण दुपारी जेवायला लागणारच, म्हणून परत चालू केलं.

१५ एप्रिल, सकाळी ८.३० (आजपासून वहीत)
अण्णा आला. यशोदानं खुर्ची पुढं केली, बसला न्हाय. माझ्याकडं बघून म्हणाला, भावक्या, शिडी कुठाय?
शिडी मीच धरली. गादी फाटली, घरभर कापूस. हंडा खाली घेतला. अण्णानं आतनं हात फिरवला आणि म्हणाला, कल्हई पार गेलीय, म्हणं सांभाळ! मी तोंड उघडलं. सहा वर्षांची उत्तरं तयार होती. रडलो. लई रडलो. अण्णा म्हणाला, गप, सगळं वाचलंय.
मग म्हणाला, तो आईचा फोटो कुठला ते दाखव, आमच्या फोनवर नुसता चौकोन दिसतोय. लॅपटॉप उघडला. माझ्या लॅपटॉपवर तो पहिल्यापासून दिसतोच. अण्णा लई वेळ आईकडं बघत बसला. शेवटी म्हणाला, सगळं लिहिलास ते लिहिलास, माझे दात कशाला काढलास रं त्यात?
हंडा दांडीला अडकवून दोघांनी कल्हईवाल्याकडं नेला. अर्धं गाव बघायला उभं होतं. काहीजणांनी माझीच वाक्यं मला म्हणून दाखवली.

२६ एप्रिल
यात्रा पार पडली. शाल-श्रीफळ रचनाला. तिनं फोटो चढवला आणि एक ओळ बदलली. एकच. सगळ्यांच्या फोनवर आई दिसली. मी भाषण वाचायला उठलो तर मास्तर म्हणाले, राहू द्या, तेबी त्याच फोल्डरात होतं, गावाचं वाचून झालंय.
दोन्ही घरच्या पाव्हण्यांचा भात एकाच हंड्यात शिजला. कमिटीनं मला पंक्तीत रस्सा वाढायला लावलं. अण्णा हंड्यापासनं ओरडत होता, भावक्या, मागितला तेवढाच वाढ रं, अख्खी बादली पालथी करू नको! सगळी पंगत हसली. मीबी हसलो, ह्या वेळी कशाला ते ठाऊक होतं.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. चहा बंद. रोजनिशी कायमची वहीतच. आणि वही माळ्यावर, गादीखाली, हंडा होता त्याच जागी. तिथं कोण बघायला जातंय.