दोन वर्षांचं की चार

१४ जानेवारी
निकालाचं पत्र पुन्हा वाचलं. बारावीच्या बरोबरीची परीक्षा, वय अडुसष्ट, शिकवणी कुणाचीच नाही — आणि पास! आता कॉलेज. बसने जाऊन दोन माहितीपत्रकं आणली. एक समाजसेवेचं, दोन वर्षांचं. दुसरं इतिहासाचं, चार वर्षांचं. खिडकीतली मुलगी गोड होती. "आजी, दोन वर्षांचं घ्या, लवकर सुटाल." सुटायला मी काय तुरुंगात चाललेय?

१५ जानेवारी
तीन पँटी आखूड केल्या, एका कोटाचं अस्तर बदललं. मशीन चालत होतं, डोक्यात मात्र इतिहास.

१७ जानेवारी
इंचॉनहून लेकाचा फोन. "आई, चार वर्षं म्हणजे तू बहात्तरची होशील!" म्हटलं, "बाळा, नाही शिकले तरी होणारच आहे." हसला. मग हळूच — "पण मावशी?"

तिथेच तर घोडं अडलंय. बोंग्येताई चौऱ्याऐंशीची. आई गेली तेव्हा मी सहा महिन्यांची, ताई सोळा वर्षांची. मला पाठीला बांधून तिने गुन्सानच्या बंदरावर जाळी दुरुस्त केली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पदवी मिळाली की पोरं आपली चौकोनी टोपी आईबापाच्या डोक्यावर ठेवतात, फोटो काढतात. माझी टोपी ताईच्याच डोक्यावर जायची आहे. पण तिचं हृदय थकलंय. दोन वर्षं निघतील. चार? डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही.

२३ जानेवारी
ठरलं. समाजसेवा. वाईट काय आहे त्यात? म्हातारीनेच म्हाताऱ्यांची सेवा करायची!

२६ जानेवारी
मुळ्याचं किमची घेऊन ताईकडे गेले. पिशवीतून डबा काढताना दोन्ही पत्रकं बाहेर आली. ताईला अक्षर येत नाही, पण कागद बरोबर वाचते!

"हे चुरगळलंय, कडा मळल्यात. ते कोरं करकरीत. कुठलं घेतेस?"

"कोरं."

"आणि मळकं किती वर्षांचं?"

"चार."

"कोरं?"

"दोन."

ताईने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "अस्सं! माझं मरण धरून कापड बेतलंस होय गं?"

"तसं नाही ताई —"

"तसंच आहे. मोठी आली शिंपीण! मापं घ्यायची तर गिऱ्हाइकांची घे. ऊठ, घरी जा. डबा राहू दे."

डबा ठेवून आले. वाटेत रडू आलं, थोडं हसूही.

२९ जानेवारी
ताई फोन उचलत नाही. तिची शेजारीण सांगते, "बरी आहे हो. रुसलीय नुसती. किमची संपत आलं." अर्जाची मुदत परवा.

३० जानेवारी
दोन वर्षांचा अर्ज लिहून तयार. उद्या देऊन टाकीन. रुसली तर रुसू दे. टोपी घालायला असली म्हणजे झालं.

३१ जानेवारी
सकाळीच ताईने बाजारातल्या फोटोवाल्याकडे बोलावलं. आपल्या अंत्यविधीला ठेवायचा फोटो काढायला आली होती — तिच्या वयाचे सगळेच काढून ठेवतात. त्याच्याकडे पदवीचे झगेही होते. मला एक चढवायला लावला. माझ्या डोक्यावरची टोपी स्वतःच उचलून आपल्या डोक्यावर ठेवली आणि फोटो काढून घेतला. "मरणाचा फोटो आधी काढतात, मग हा का नाही? घे, झालं! आता हवी तितकी वर्षं शीक."

फोटोवाल्याने विचारलं, "आजी, मग अंत्यविधीसाठी साधा कधी काढू?"

"साधा कशाला? हाच लावा."

दुपारी चार वर्षांचा अर्ज दिला.