जांघेवरची प्लायची चकती

२ मार्च
लेकीचं कपाट पूर्ण झालं. इतकी वर्षं सुतारकाम केलं, पण असं कपाट हातून उतरलं नव्हतं. महिनाअखेर ती स्वतःच्या घरात राहायला जाणार. दुसरा मजला, लिफ्ट नाही. कपाट मी एकटा वर नेणार, असं छातीठोक सांगितलंय. हमाल ओरखडे पाडतात.

४ मार्च
उचलायची रंगीत तालीम. उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला. स्नायू असणार. या वयात स्नायू वाढतोय म्हणजे कौतुकच.

५ मार्च
आडवं झालं की स्नायू गायब. शिंकलं की हजर.

९ मार्च
बायकोने पाहिलं. लगेच दवाखाना. सर्जनबाई लेकीच्या वयाच्या. खोकायला लावलं, बोट ठेवलं, म्हणाल्या हर्निया. पोटाची भिंत कुठे कमजोर झाली की आतडं तिथून बाहेर डोकावतं. बेंबीशी होतो, जुन्या टाक्यांच्या जागी होतो, एका प्रकारात तर जठरच छातीकडे सरकतं. माझा जांघेतला, म्हणजे सगळ्यात जास्त आढळणारा. एवढा सामान्य निघेन असं वाटलं नव्हतं. मेहुण्याचा बेंबीचा होता. त्याला मी वर्षभर ‘बटण’ म्हणत होतो. आता त्याचे फोन येताहेत. उचलत नाही.

उपाय म्हणे ऑपरेशन. आत जाळी बसवून भिंत बळकट करायची. मी बाईंना समजावलं की फळीची भेगही नुसती ओढून जोडली तर पुन्हा उकलते, आम्ही मागून पट्टी लावतो. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर. मग पट्टी बाहेरून लावली तर काय बिघडलं? हे मनात ठेवलं. तारीख कळवतो म्हणालो.

११ मार्च
प्लायची गोल चकती कापली. कडा घासल्या, खाली फोम, जुन्या बॅगेचा पट्टा. फिटिंग झकास. असे वाकडे का चालता, असं बायकोने विचारलं. कंबर धरलीय म्हणालो.

१२ मार्च
संकल्प: खोकायचं नाही. संध्याकाळी खोकलो.

१९ मार्च
लेक म्हणते स्क्रू काढून कपाट सुटं नेऊ. मी केलेलं कपाट माझ्यादेखत कोणी खोलणार नाही. खरं तर ती घर सोडून चाललीय आणि कपाट उचलण्यापलीकडे काय करावं, हे मला सुचत नाही.

२८ मार्च
उचललं. दोन पायऱ्या.

३० मार्च, हॉस्पिटल
परवाचं लिहायचं राहिलं. फुगवटा दगडासारखा झाला, आडवा झालो तरी आत जाईना. उलटी झाली. पित्त आहे म्हणालो. बायकोने पट्टा सोडला, चकती पाहिली आणि एक शब्द न बोलता गाडी बोलावली. ती बोलत नाही म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली.

आतडं अडकलं होतं. आणखी उशीर झाला असता तर सडलं असतं, कापावं लागलं असतं. थोडक्यात वाचलं. जाळी बसली. सर्जनबाईंनी चकती हातात घेऊन पाहिली.

“काका, काम सुबक आहे. पण आतडं बाहेरच होतं आणि तुम्ही वरून चिरडत होतात.”

पॉलिश राहिलं होतं, असं मी म्हणालो. फक्त मेहुणा हसला. मलाही हसू आलं आणि ब्रह्मांड आठवलं. हसताना पोटावर उशी दाबायची, हे त्यानेच शिकवलं. त्याला पुन्हा बटण म्हणणार नाही.

९ एप्रिल, लेकीचं घर
जिना हळूहळू चढलो. भरलेली बादलीही उचलायची नाही. मायलेकींनी कपाट सुटं करून कधीच वर आणलं होतं. ओरखडा शोधला. एकही नाही. मला खुर्चीत बसवून हातात स्क्रूंची वाटी दिली. मागतील तसा एकेक द्यायचा.

कपाट उभं राहिलं, दार लागलं, वाटीत एक स्क्रू उरला. मी गुपचूप खिशात टाकला. लेकीला म्हणालो, दार कुरकुरणार बघ, रविवारी येऊन बघावं लागेल.

“बाबा, तो स्क्रू आरशाचा आहे. रविवारी नुसतेच या.”

स्क्रू परत दिला.