काचेच्या तबकड्यांवरचं कुंकू

३ ऑक्टोबर १९६४, शनिवार

वच्छीचा हात चिकट होता. चिंच खाऊन आली होती, न धुता. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधला विज्ञानाचा तास. सिस्टर बर्नाडेटनी आम्हा अकरा मुलींना हात धरून अर्धगोलात उभं केलं आणि विजेच्या यंत्राची मूठ फिरवली. काचेच्या दोन तबकड्या उलटसुलट गरगरल्या. टोकाच्या मुलीनं पितळी गोळ्याला बोट लावलं – आणि सगळ्यांच्या कोपरांतून एकदम झिणझिणी! भराभर हात सुटले. वच्छीनं माझा सोडला नाही. सोडला तर वीज सांडेल असं तिला वाटलं म्हणे.

पंचेचाळीस वर्षं झाली.

आज आठवलं, कारण अकोल्याहून तिचं पत्र आलं. अक्षर सुनेचं, शालूचं. वच्छीच्या डोळ्यांत काचबिंदू. डावा गेला, उजव्यानं नळीतून पाहावं तेवढंच दिसतं. शेवटी वच्छीचे शब्द जसेच्या तसे – ‘सत्ये, आपलं यंत्र चालते का अजून? एकडाव ठिणगी पाहीन म्हणतो.’ लहानपणापासून ती अशीच, मुलांसारखं बोलायची.

यंत्र सिस्टरनी परत जाताना मला दिलं होतं. तीस वर्षं मी ते अमरावतीच्या शाळेत फिरवलं. आणि गेल्या जूनमध्ये, फार शहाणपण सुचल्यासारखं, नव्या विज्ञान दालनाला देऊन टाकलं!

५ ऑक्टोबर, सोमवार

दालनात जाऊन आले. अजून डोकं तापलेलं आहे.

दारावर निळी पाटी – ‘हात लावा, फिरवा, शिका.’ याच पाटीला भुलून मी यंत्र दिलं. आत कप्पी आहे, तिचा दोर वर खिळ्याला गुंडाळून ठेवलेला. सायकलचं चाक फिरवून दिवा लावायचा – चाकाला साखळी. दोन कोपऱ्यांत दोन टेलिफोन, एकमेकांशी बोलण्यासाठी. दोन्ही सुतळीनं बांधलेले. माझं यंत्र काचेच्या पेटीत. पेटीला कुलूप. खाली माझं नाव, स्वर्गवासी माणसाचं लिहितात तसं.

चांदूर रेल्वेच्या मुली आल्या होत्या, एसटीनं. चाळीसेक. सगळ्या हात पाठीमागे बांधून एका रांगेत गेल्या आणि दुसऱ्या दारानं बाहेर. एकही थांबली नाही. थांबून करायचं काय?

चिटणीस वामनराव सज्जन माणूस. चहा पाजला. म्हणाले, बाई, लेकरं मोडतात. मी म्हटलं, मोडू द्या, मी येऊन दुरुस्त करीन. तर म्हणे, मग पाहुणे आले की दाखवायचं काय?

वच्छीसाठी अर्धा तास पेटी उघडायची, तर अर्ज करा म्हणाले. माझ्याच यंत्रासाठी!

६ ऑक्टोबर

अर्ज दिला.

९ ऑक्टोबर

अर्जावर ‘कारण’ लिहिलं नव्हतं म्हणून परत आला. ‘मैत्रिणीला ठिणगी दाखवणे’ असं लिहून पुन्हा दिला. वच्छीलाही तसं पत्र टाकलं.

१० ऑक्टोबर, शनिवार

बुधवार, चौदा तारीख, सकाळी अकरा ते साडेअकरा. वच्छीला तार केली. दिवस जातात तसतशी तिची नळी बारीक होत असेल, हेच डोक्यात.

१४ ऑक्टोबर, बुधवार

दसरा गुरुवारी, एवढं ठाऊक होतं. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते हे मात्र या म्हातारीच्या डोक्यात आलं नाही. वामनरावांच्याही नाही, ते तर गावालाच गेलेले.

बडनेऱ्याला वच्छीला उतरवून घेतलं. वाळली आहे फार. सगळा वेळ शालूचा खांदा धरून होती. टांग्यात मीच बोलत होते – पडदे ओढू, काळोख करू, ठिणगी निळी दिसेल.

दालनात पाऊल टाकलं तर उदबत्तीचा वास. शिपाई नत्थुजीनं पहाटेपासून खपून सगळी यंत्रं पुसली होती, खोबरेल तेलानं चमकवली होती. माझ्या यंत्राला झेंडूची माळ. आणि दोन्ही तबकड्यांवर ओल्या कुंकवाची पाच-पाच बोटं!

तो म्हणाला, ‘आज नाई जी, बाईजी. आज अवजाराले हात लावत नसतात. वर्सातून एक दिवस त्याईचा आराम.’

मी म्हटलं, नत्थुजी, यांना वर्षभर आरामच आहे.

त्यानं शालूच्या खांद्यावरच्या वच्छीच्या हाताकडे पाहिलं. यंत्राला हात जोडले, काही पुटपुटला, माळ काढली आणि बाजूला झाला. पडदे मीच ओढले. मूठ फिरवली. वीस वेळा, चाळीस, साठ. काही नाही. तेलाचं बोट आणि ओलं कुंकू लागलेल्या काचेवर वीज टिकतेच कुठे! मुलींना तीस वर्षं हेच सांगत आले – काच कोरडी हवी, लख्ख हवी. पदरानं पुसलं तर आणखीच फासलं गेलं. खांदा भरून आला, आणि मग जे तोंडात आलं ते मी त्या माणसाला बोलले. अडाणी म्हटलं. तीस वर्षं जपलेलं यंत्र एका सकाळीत नासवलंस म्हटलं. तो खाली मान घालून उभा. हातात ती माळ.

मी फिरवतच होते. तेवढ्यात वच्छी स्टुलावरून म्हणाली,

‘पडली, सत्ये. निळी. पाह्यली म्या.’

ठिणगी पडली नव्हती. नत्थुजीनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, हो, पडली.

दुपारच्या गाडीनं दोघी गेल्या.

१५ ऑक्टोबर, दसरा

नत्थुजी आपट्याची पानं घेऊन आला. काल एवढं ऐकूनही. ‘सोनं घ्या, बाईजी.’ मला वर बघवेना. पाया पडला, जायला उठला आणि दारातून परत फिरला.

‘एक इचारू? कुंकवानं काहून बंद पडलं थे?’

त्या दालनात चार महिन्यांत कोणी ‘काहून’ विचारलं असेल तर या एकट्यानं. ओसरीवर बसवून सांगितलं. समजेपर्यंत उठला नाही. मी माफी मागितली तर कानांना हात लावून म्हणाला, ‘असं नका बोलू जी.’

१७ ऑक्टोबर

वच्छीला पत्र लिहायला बसले. तीन कागद फाडले. मी खोटं बोलले हे लिहावं, तर तिला ‘काहीच दिसलं नाही’ असं सांगितल्यासारखं होतं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

नत्थुजीनं स्पिरिटनं तबकड्या धुतल्या, उन्हात वाळवल्या. मला बोलवायला आला. मूठ त्यालाच फिरवायला सांगितली. कडाड! दोन बोटं लांब ठिणगी. तो टुणकन मागे उडाला आणि लगेच पुन्हा पुढे आला.

आवाज एवढा मोठा असतो, हे मी विसरूनच गेले होते.

मागोमाग वामनराव आले. परवानगीवाचून पेटी उघडली म्हणून नत्थुजीला लेखी समज मिळणार. मी म्हटलं, समज मला द्या. तर म्हणे, आपण आमच्या कर्मचारी नाही. मग माझं यंत्र परत द्या, म्हटलं. अर्ज करा म्हणाले. केला, तिथेच, त्यांच्याच टेबलावर, कारणासकट.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

शालूचं पत्र. इथे उतरवून ठेवते.

‘आई रागावतील, पण तुम्हाला कळायला हवं. त्यांना तुमची तार आली तेव्हाच काही दिसत नव्हतं. दोन दिवस आधी उजवाही गेला. मी म्हटलं, आता कशाला जायचं? तर म्हणाल्या, सत्तूनं अर्ज केले आहेत. ठिणगी पडली नाही हेही त्यांना कळलं होतं, आवाज आला नाही ना. पण तुम्ही त्या शिपायाला बोलत होता ते त्यांना ऐकवेना. घरी आल्यापासून एकच म्हणतात. पाहायला गेलोच नव्हतो, हात धरून उभं राहू म्हटलं होतं, पण सत्तूचे दोनी हात मुठीवर होते.’

दोन्ही हात मुठीवर होते. खरं आहे. त्या अर्ध्या तासात मी तिला एकदाही हात लावला नाही.

२४ ऑक्टोबर

यंत्र परत मिळालं, पेटीसकट. उद्या अकोल्याला जाते. परत कधी, ठरवलेलं नाही. तेव्हा –

माझ्याकडची भिंगं, लोलक, लोहचुंबक – चांदूर रेल्वेच्या मुलींच्या शाळेला. पेटीशिवाय.

माझी विज्ञानाची पुस्तकं आणि स्पिरिटची बाटली – नत्थुजीला. पुस्तकं मराठीत आहेत, तो अक्षर लावून वाचतो.

काचेची पेटी, कुलपासकट – दालनाला.

यंत्र – वच्छीला. खाटेच्या उजवीकडे ठेवायचं. मूठ तिच्या उजव्या हातात.

डावा हात मला.