मिलबर्नची पावणेसहा पौंडी रायफल

टुकुमकारी, न्यू मेक्सिको
मंगळवार, जेवणानंतर

प्रिय जेनेव्हाताई,

तुझं पत्र पोचलं. तुझा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं, ड्यूईभावजींचा खोकला अजून हटत नाही हे वाचून वाईट वाटलं, आणि तुमच्या पेकनच्या झाडांवर यंदा गारा पडल्या नाहीत हे वाचून पुन्हा बरं वाटलं. (असं वर-खाली होणं माझ्या प्रकृतीला सध्या झेपत नाही. पुढच्या खेपेस चांगल्या बातम्या आधी लिही आणि वाईट लिहूच नकोस.) आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मिलबर्न ठीक आहे. मी भीतीने अर्धी झाले आहे. उरलेली अर्धीही केवढी आहे हे तुला ठाऊक असल्यामुळे तू काळजी करणार नाहीस, पण करावीस अशी माझी इच्छा आहे.

मार्चमधलं तुला ठाऊकच आहे. त्या शनिवारी मी नेहमीसारखी क्लबात नेमबाजीला गेले होते, आणि हा गॅरेजमधल्या आपल्या टेबलाशी कुणाचं तरी जुनं घड्याळ उघडून बसला होता. मी परतले ती पहिल्या नंबराची फीत मिरवत, आणि हा फरशीवर आडवा. दोन तास तसाच होता म्हणे. मग इस्पितळ, मग डाव्या खांद्याखाली तो पेसमेकर. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाच्या आतच घड्याळ बसवलं, म्हणून तो तिथल्या नर्सना हसवत होता. मी मात्र बाहेरच्या बाकावर आमच्या क्लबात घालावा लागतो तो घागरा, ती टोपी, असा शंभर वर्षांपूर्वीचा वेश घालून बसले होते, आणि येणारी-जाणारी माणसं मला सिनेमातली समजत होती. मी तिथेच ठरवलं, आता शनिवार बंद. घरी आल्यावर तसं सांगितलं तर मिलबर्न म्हणाला, "तू बंद केलंस तर मी खरंच आजारी पडेन. त्यापेक्षा मीच येतो. पडायचंच असेल तर निदान माणसांत पडेन."

ताई, एकोणीस वर्षं मी बार काढते आहे. कान बसले, पण हात कधी कापला नाही. क्लबात प्रत्येकाला एक टोपणनाव नोंदवावं लागतं आणि एकाचं नाव दुसऱ्याला मिळत नाही. माझं नाव 'निडर आर्डी' आहे. मिलबर्नने अर्ज भरला, 'टिकटिक' असं नाव लिहिलं आणि क्लबप्रमुख क्लीटसला ते इतकं आवडलं की त्याने तिथल्या तिथे शिक्का मारला. मी त्याच कागदावर माझं नाव बदलता येतं का ते विचारणार होते. पण मागे माणसं उभी होती.

माझी सगळी भिस्त डॉक्टरांवर होती. आपला मिलबर्न डावखुरा, म्हणजे बंदुकीचा दस्ता टेकणार तो नेमका त्या यंत्रावर. डॉक्टर हे ऐकून ताडकन नाही म्हणतील, असं मी धरून चालले होते. डॉक्टरांनी हाताची घडी घातली आणि विचारलं, "उजव्या खांद्यावरून मारता येईल का?" मिलबर्न म्हणाला, येईल. डॉक्टर म्हणाले, मग जा, मजा करा, बंदूक तेवढी हलकी बघा, दंड अजून अशक्त आहे. मी विचारलं, दोन्ही खांद्यांत अंतर पुरेसं आहे ना? (हा प्रश्न मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझंच ब्लडप्रेशर घेतलं आणि मला मीठ कमी करायला सांगितलं.) तेव्हापासून आमच्याकडे बीन्स अळणी होतात आणि मिलबर्न जेवताना माझ्याकडे बघत नाही.

मग बंदूक निवडणं आलं. दर बाराला खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची ती लिव्हरची रायफल काय, आपल्याकडे पाच आहेत, पण माझ्या सगळ्या आठ पौंडांच्या. दुकानात जाऊन मी म्हटलं, घरात एक नवशिकं माणूस आहे, त्याच्यासाठी हलकी रायफल हवी. दुकानदाराने प्रेमळ हसून माझ्या हातात जांभळ्या दस्त्याचं एक खेळणं दिलं आणि मिलबर्नला बाजूला घेऊन, बाईमाणसाला लिव्हर कशी शिकवावी, आरडाओरडा कसा करू नये, यावर पंधरा मिनिटं उपदेश केला. मिलबर्नने तो सगळा मान डोलावत ऐकून घेतला आणि शेवटी म्हणाला, "ही आरडाओरडा करत नाही हो, फार समजुतीने शिकवते मला." त्यानंतर त्या माणसाला आमच्याकडे कुठल्या तोंडाने बघावं ते कळेना. (परतीच्या वाटेवर मिलबर्न मैलभर हसत होता. मी त्याला फार हसू नकोस म्हणून सांगत होते, कारण हसताना ठोके वाढतात.)

आता तुला वाटेल, हलकी रायफल म्हणजे हलका धक्का. मला एकोणीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं की उलट असतं, बंदूक जितकी हलकी तितकी ती खांद्याला जास्त लागते, तरी भीतीपोटी मी सगळ्यात हलकी, पाच पौंडांची, क्लबातल्या एकाकडून उसनी आणली. त्याच्या आधी मी स्वतः मारून बघितली. काडतुसं तिच्या मालकाचीच होती, चांगली ठासून भरलेली. दहा बारांत माझा खांदा वांग्यासारखा झाला. तो मिलबर्नला दिसू नये म्हणून मी आठवडाभर उकाड्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून हिंडले. शेवटी आखूड नळीची, छोट्या काडतुसाची एक मिळाली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिठाच्या जागी ठेवून तोलली, पावणेसहा पौंड. दस्त्याला मी मेंढीचं कातडं शिवलं. काडतुसं तर मी घरीच भरते, ती अगदी हलक्या बाराची भरली. आता तिचा धक्का मांजराने अंग घासल्याएवढा लागतो. तरी रोज सकाळी मी त्याचा शर्ट वर करून उजवा खांदा बघते, आणि मग डावाही बघते.

पहिल्या शनिवारी मिलबर्न जाकीट आणि घड्याळाची साखळी लावून असा काही उभा राहिला की बायका माझ्याकडे बघून भुवया उडवायला लागल्या. मला मेलीला त्याचं कौतुक करायची शुद्ध नव्हती. कुणाचाही खेळ सुरू करायचा तर क्लीटस त्याच्या कानाशी टायमर धरतो आणि तो टायमर पीप असा वाजतो. ताई, दिवसभरात तो पन्नास वेळा वाजतो आणि पन्नासही वेळा मला वाटतं, मिलबर्नच्या आतलं काहीतरी वाजलं. त्याची पाळी आली. समोर दहा लोखंडी पत्रे, दहा काडतुसं. पहिला बार, पत्रा टण् वाजला. दुसरा मातीत गेला. तिसऱ्याला लिव्हर मध्येच अडकली, पुढे जाईना की मागे येईना. नियमाप्रमाणे त्याने नळी समोर ठेवूनच बंदूक टेबलावर ठेवली आणि उरलेले आठ पत्रे चुकले म्हणून धरले गेले. मी धावत जाऊन त्याच्या छातीला कान लावला. काहीच ऐकू येईना. माझ्या तोंडचं पाणीच पळालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मग क्लीटसने येऊन माझ्या कानातले बोळे काढले.

असे चार शनिवार झाले. दर वेळी दोन, फार तर तीन बार, आणि लिव्हर अडकते. मिलबर्न नुसता बंदूक ठेवतो आणि माझ्या शेजारी येऊन बसतो. क्लबातले लोक त्याला बंदूक बदल म्हणून सांगतात. तेव्हा पत्राचं कारण असं की ड्यूईभावजींकडे त्यांच्या काकांची जी जुनी लिव्हरची रायफल आहे, ती वजनाला कितीशी आहे, आणि त्यांना नको असेल तर आम्हाला मिळेल का, एवढं विचारून कळव. भावजींना माझे नमस्कार, खोकल्यावर मध आणि लिंबू घ्यायला सांग, गुडघ्याला शेक देत जा, आणि आम्हा दोघांसाठी, मुख्यतः त्याच्यासाठी, प्रार्थना करत जा.

तुझी धाकटी, भित्री
आर्डिथ

ता. क. बंदुकीत काही दोष नाही. हे दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही म्हणून तुला लिहिते. ही रायफल काडतुसाच्या लांबीबाबत भारी चोखंदळ असते. काडतूस आखूड असलं की एक वर चढताना मागचं त्याच्याखाली नाक खुपसतं आणि सगळंच अडकतं. धोका काही नाही, खेळ तेवढा संपतो. मिलबर्नची काडतुसं मी तांदळाच्या जाडीएवढी आखूड भरते. चारही शनिवार भरली. माझी वेगळी, त्याची वेगळी. तो कंटाळून आपणहून सोडेल असं मला वाटलं होतं. लाज वाटते, पण लिव्हर अडकली की माझा जीव भांड्यात पडतो. भावजींची बंदूक मागितली ती एवढ्यासाठी की ती अकरा पौंडांची आहे हे मला चांगलं आठवतं. एवढी जड उचलवणार नाही म्हणून तरी तो घरी बसेल.

ता. क. २. पाकीट बंद केलं नव्हतं ते बरं झालं. आज गुरुवार. सकाळी मी काडतुसं भरायला यंत्राशी गेले तर मिलबर्न तिथे आधीच बसलेला. पुढ्यात माझी पाच काडतुसं, त्याची पाच, आणि मधे त्याचं ते बारीक मोजायचं पितळी माप.

तो म्हणाला, "तू बैस आधी. तुला घेरी आली तर मला उचलवणार नाही, डॉक्टरांनी मनाई केलीय."

मी बसले. विचारलं, कधी कळलं. म्हणाला, पहिल्याच शनिवारी, घरी आल्या आल्या. मग मी म्हटलं, "तरी चारदा तीच घेऊन उभा राहिलास? सगळ्या क्लबापुढे?"

"अगं, अडकली की तुझ्या चेहऱ्यावरचा ताण सुटतो. मार्चपासून दुसऱ्या कशानेच सुटत नाही. म्हटलं, अडकू दे." मग माझी पाच काडतुसं त्याने माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "पण आर्डिथ, एकदा मला सगळे दहा बार काढायचेत. लागोत, न लागोत."

मला रडू आलं. तो घाबरला, पाणी आणायला उठला, आणि मी त्याला ओरडले की धावू नकोस. मग मी डोळे पुसले, यंत्राचा स्क्रू मूळ खुणेवर आणला आणि त्याची काडतुसं पुरी लांबीची भरली. दहाच भरायची होती, पण हात इतका कापत होता की पाऊण तास लागला. तो शेजारी बसून एकेक मोजून बघत होता. एक चुकलं होतं, ते त्याने मला परत भरायला लावलं.

ता. क. ३. भावजींना बंदुकीचं काही विचारू नकोस. तू ये. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी नऊपर्यंत पोच, तोवर थांबायला मिलबर्न तयार आहे, गुडघ्यासाठी गाडीत उशी घे. नर्स म्हणून नको, त्याला बघायला डॉक्टर आहेत. मला बघायला ये. दहा बार होईपर्यंत माझा हात धरून ठेव, नाहीतर मी मधेच ओरडून त्याला थांबवीन.